पोरीच्या दातांना तार बसली आणि घरात सूप आलं

मी मूळची आर्वीची, वर्धा जिल्ह्यातली. आता इतकी वर्षं हॅनोव्हरला राहून माझी भाषा कशीतरीच झालीय ताई, इथल्या मराठी लोकांमुळे थोडी पुण्याची, थोडी जर्मन, आणि राग आला की सरळ मले-तुले, तेव्हा लिहिताना सांभाळून घ्या. माझे बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये होते, आई घरीच, आम्ही भावंडं चार. आमच्याकडे सूप म्हणजे धान्य पाखडायचं सूप, दुसरं सूप आम्हाला माहीतच नव्हतं. पातळ काही ताटात आलं तर ते वरण, आणि वरण जास्तच पातळ दिसलं की समजायचं, पाहुणे आलेत आणि आईनं पाणी वाढवलंय. म्हणून मला लहानपणापासून पातळाचा राग, घट्ट वरण असलं तरच ते जेवण, असं डोक्यात पक्कं बसलेलं.

मी लॅब टेक्निशियनचा कोर्स केला, वर्ध्याला दवाखान्यात रक्त तपासायला लागले. लग्न झालं, ते टिकलं नाही, त्याचं काय सांगू तुम्हाला, माणूस वाईट नव्हता पण त्याला मी नको होते, एवढंच, सोडून द्या. परत भावाकडे आले. भाऊ-भावजय चांगले, कोणी कधी बोललं नाही, पण आपल्यालाच आपलं ताट जड वाटतं, नाही का. तेव्हा यांचं स्थळ आलं. जर्मनीत इंजिनिअर, पहिली बायको आजारानं गेलेली, एक मुलगी, श्रावस्ती, दहा वर्षांची. नागपूरला विहारात लग्न झालं, मी पांढरी साडी नेसले, वंदना झाली, खीर वाटली. श्रावस्ती आली होती लग्नाला, पण ती तिच्या आजीचा, म्हणजे तिच्या गेलेल्या आईच्या आईचा, हात धरून बसली होती, आणि आजी माझ्याकडे अशी बघत होती, जसं काही मी तिच्या पोरीची खुर्ची उचलून नेते आहे. तिच्या जागी मी असते तर मीही तसंच बघितलं असतं.

यांच्या नोकरीमुळे मला भाषेची परीक्षा न देताच व्हिसा मिळाला, आणि मी आले ती थंडीत, तोंडात जर्मनचा एक शब्द नाही. पहिल्या संध्याकाळी मी विचारलं, स्वयंपाक काय करू, तर हे म्हणाले, अगं आपण संध्याकाळी गार खातो, आबेंडब्रोट. म्हणजे काय, तर लाकडाचा छोटा पाट प्रत्येकाला, त्यावर ब्रेड, चीज, काकडीच्या चकत्या. बापलेक गपचूप खात बसले. बायको गेल्यावर यांना रांधायला जमेना, आणि पोरीला त्या पाटाची सवय लागली. मी पहिल्या आठवड्यात घट्ट वरण, भात, वांग्याची भाजी, सगळं करून बघितलं, पोरगी वास घ्यायची, नाइन डांके, म्हणजे नको, म्हणायची आणि पाट काढायची. मग एका टेबलावर तिघांची तीन जेवणं सुरू झाली, हे इकडचं थोडं तिकडचं थोडं खायचे, दोघींना राग यायला नको म्हणून.

यांच्यासमोर ती माझ्याशी बोलायचीच नाही. दुपारी आम्ही दोघीच असलो की काही लागलं तरच बोलायची, मराठी तिला सगळी कळते पण उत्तर जर्मनमध्ये. मला ती झी म्हणायची. मी विचारून ठेवलेलं, माझ्या जर्मनच्या क्लासमधल्या एका बाईला, झी म्हणजे काय, तर ती म्हणाली तुम्ही, आदरानं. मी खूश! म्हटलं पोरीवर संस्कार चांगले आहेत, अहो-जाहो करते. आमच्याकडे सासूला, वहिनीला अहोच म्हणतात ना. पुढे क्लासमध्ये तो धडा आला तेव्हा आमची शिकवणारी बाई म्हणाली, घरात झी कोणीच म्हणत नाही, घरात सगळे डू, म्हणजे तू, आईला डू, आजीला डू, कुत्र्याला पण डू, झी फक्त परक्याला, दुकानदाराला, टपालवाल्याला. इतके महिने मी त्या पोरीच्या घरात टपालवाली होते आणि वर आनंदानं फिरत होते.

मी यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हे रागावले असते आणि ती डू म्हणाली असती, पण नुसतं तोंडानं. ते घेऊन मी काय करू?

आणि दर रविवारी आजीचा फोन. पोरीले माह्याकडे पाठवा, सख्ख्या माणसात वाढू द्या. श्रावस्ती फोनवर रडायची. शेवटी ठरलं की उन्हाळ्यात आजी स्वतः येईल, आणि पोरगी म्हणाली तर तिला नागपूरला घेऊन जाईल. हे मला म्हणाले, करुणा, मी तिला जबरदस्तीनं नाही ठेवू शकत. मी म्हटलं बरोबर आहे. पण ताई, मला मूल नाही. ती माझ्याशी बोलत नव्हती तरी मी रोज सकाळी तिचा डबा भरत होते, तिची टोपी कुठे पडते ते मला ठाऊक होतं. आता ही गेली तर या घरात मी कोणासाठी आले, असं वाटायचं.

त्यात तिच्या दातांना तार बसवली. दात पुढे होते, इथे शाळेतल्या निम्म्या मुलांना असते तार. संध्याकाळी नेहमीसारखा पाट घेऊन बसली, ब्रेड चावला आणि डोळ्यांतून पाणी. परत चावला, परत पाणी. मी लगेच उठले, मुगाचं कढण केलं, आलं, जिरं, थोडं तूप, आजारी माणसाला आपण देतो तसं, आणि तिच्यापुढे ठेवलं. तिनं वास घेतला, पांढरी पडली आणि खोलीत जाऊन दार लावलं. मला कळेना काय झालं. हे खाली मान घालून बसले, मग म्हणाले, तिची आई शेवटी तेवढंच घ्यायची, मुगाचं कढण, मीच करायचो, घरभर हाच वास असायचा. मी ते कढण ओतून दिलं, भांडं घासलं, खिडक्या उघडल्या. बाहेर बर्फ होता तरी उघडल्या.

दुसऱ्या दिवशी सुपरमार्केटमध्ये गेले. म्हटलं असं काहीतरी घेऊ जे मी कधी केलेलं नाही आणि तिच्या आईनंही केलेलं नसेल. तिथे एक जुडी मिळते रबरानं बांधलेली, झुप्पनग्र्यून म्हणतात, सुपाची भाजी, त्यात दोन गाजरं, हा एवढा जाड कांद्याच्या पातीसारखा दांडा, थोडी पार्सली, आणि सुरणासारखा एक गड्डा. ती आणली, बटाटे आणले. तो दांडा कसा चिरायचा, गड्डा सोलायचा की नाही, काही माहीत नाही. मी गड्डा हातात घेऊन उभी, तेवढ्यात श्रावस्ती शाळेतून आली, पाणी प्यायला स्वयंपाकघरात थांबली, आणि बघत राहिली. मी मराठीतच म्हटलं, याला खाज सुटते का गं हाताला? तिनं मान हलवली, नाही. मग मी त्या दांड्याची हिरवी पानं कापून टाकायला लागले तर म्हणाली, नाइन, नाइन, आणि माझ्या हातातून सुरी घेतली. शाळेत त्यांचा स्वयंपाकाचा तास असायचा. दांडा मधोमध उभा चिरून नळाखाली धरला, आत माती असते म्हणून. गड्डा सोलून दिला. बोलणं असं काही नाही, हे असं, ते तसं, एवढंच.

सोपं असतं हो ते, काहीच नाही त्यात. पातेल्यात लोणी, कांदा परतायचा, मग ती सगळी भाजी, बटाट्याच्या फोडी, बुडेल एवढं पाणी, मीठ, झाकण. मऊ झालं की हातात धरायचं दांड्याचं मिक्सर आत घालून फिरवायचं. ते मिक्सर मी तोवर वापरलेलं नव्हतं. फिरवलं, आणि झालं का बघावं म्हणून चालू तसंच वर काढलं! काय सांगू ताई, भिंतीवर सूप, चुलीवर सूप, माझ्या तोंडावर, तिच्या केसांत. मी मिक्सर बंद करायचं सोडून घाबरून उभी, ते आणखी उडतंय. तिनं प्लग ओढला. आणि मग ती हसायला लागली, जबडा दोन्ही हातांनी धरून, हसताना दुखत होतं तिला, आउ आउ करायची आणि परत हसायची. म्हणाली, डू हास्ट झुप्पे आउफ देर नाझे. तुझ्या नाकावर सूप आहे. तुझ्या! मी ते ऐकलं. तिला काही कळलंच नाही ती काय बोलली ते. मी पण काही दाखवलं नाही, पदर नव्हता, स्वेटरच्या बाहीनं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं.

त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही तिघांनी एकाच पातेल्यातलं खाल्लं. तिला ब्रेड सुपात बुडवून मऊ करता आला, यांनी तीनदा घेतलं. पुढे तार घट्ट करायला जायची त्या दिवशी सूप ठरलेलंच, मग बाकीच्या दिवशीही व्हायला लागलं, मसूर डाळ-टोमॅटोचं, लाल भोपळ्याचं, गाजर-आल्याचं. जिऱ्याची फोडणी द्यायला आधी नाही म्हणायची, मग म्हणाली थोडीशी, मग स्वतःच द्यायला लागली.

उन्हाळ्यात आजी आली. नातीला न्यायचंच, असं मनात धरूनच आली होती. पहिल्या दिवशी सूप बघून म्हणाली, हे काय पाणी देऊन राहिली माह्या नातीले? पण तिची स्वतःची कवळी तिला टोचायची, घरात ती काढूनच ठेवायची, त्यामुळे पोळी काही खाता येईना. एकीच्या दातांना तार आणि एकीला दातच नाहीत, दोघी समोरासमोर बसून फू फू करत सूप प्यायच्या. श्रावस्ती तिची नक्कल करून तिला चिडवायची, आजी लटकं रागवायची. मी वाढायचे आणि बघायचे. म्हटलं आता काही दिवसच.

जायचे दिवस जवळ आले तसं आजीनं जेवताना सरळ विचारलं, श्रावी, येतेस ना माह्यासंगं? हे नेमके घरी नव्हते. पोरगी सुपात चमचा फिरवत राहिली आणि मग जर्मनमध्ये भराभर बोलली, माझ्याकडे बघून. आजी म्हणाली, काय म्हणते? आता माझी पंचाईत. मी म्हटलं, आई, ती म्हणते, मी इथेच राहते, आजीला सांग, पण आजीनं रडायचं नाही. आजीचा चेहरा पडला, म्हणाली, हे तू तुह्या मनचं सांगून राहिली. खरं सांगूनही खोटी ठरले. तेव्हा श्रावस्ती चमचा ठेवून मराठीत बोलली, पहिल्यांदा पूर्ण वाक्य, मोडकं-तोडकं. आजी, ती बरोबर बोलली. मी नाही येणार. मी सुट्टीत येणार. तू पण ये.

रडायचं नाही म्हटलेलं, तरी आजी रडली. मग डोळे पुसून नातीला म्हणाली, ती ती काय करते गं, माणसाले असं म्हणतात का? तुही आई एकच होती, तिची जागा कोणाले देऊ नको. हिले मावशी म्हण.

मावशी! कळलं ना ताई, काय दिलं तिनं मला? मावशी म्हणजे आईची बहीण. म्हणजे आजीची मी लेक झाले. जिनं मला विहारात तशा नजरेनं बघितलं होतं तिनं मला त्या टेबलावर पोटची करून घेतलं. मी उठून तिच्या पाया पडले, तर म्हणाली, पाया नंतर पड, माह्या वाटीत आणखी वाढ.

आता श्रावस्ती अठरा वर्षांची होईल. तार केव्हाच निघाली, दात एका ओळीत, हसते तेव्हा बघत राहावं. मी इथे एका लॅबमध्ये कामाला लागले, रक्तच तपासते. आजीचा फोन अजून रविवारी येतो, पण आता तो आधी मला येतो. पोरगी बॉनला युनिव्हर्सिटीत जाईन म्हणते, जाईल, जायलाच पाहिजे, मी कशाला अडवू. घर रिकामं होईल, होऊ दे थोडं रिकामं, यांना आणि मला सवय करावी लागेल. गेल्या शनिवारी मला म्हणाली, मावशी तू बस, आज मी करते, आणि सगळं तिनं एकटीनं केलं, पालक-बटाट्याचं. मीठ कमी होतं. मी दोन वाट्या खाल्ल्या. शिकेल मीठ, सगळं शिकेल. जिथे जाईल तिथे तिला जेवायला सोबत असो, एवढंच मागणं आहे माझं.