उड्डाण पुढे ढकललं की कढी

चहा ओत तू, मी सांगते. त्या नव्या यानातून पहिल्यांदाच माणसं जाणार होती ना, त्या दिवशी लखनौला आमच्या घरी आईने टीव्हीसमोर दही-साखर आणून ठेवली. घरातलं कुणी प्रवासाला निघालं की ती हातावर दही देते, आणि ही माणसं तर पृथ्वीवरूनच निघालेली.

ऐन वेळी उड्डाण पुढे ढकललं. त्या दह्याची कढी झाली. पुढच्या तारखेलाही तेच, त्याच्या पुढच्याही. शेवटी शेजारच्या मिश्रा आंटी फोडणीचा वास आला की गॅलरीतून विचारायच्या, "भाभीजी, आज भी नहीं उड़ा?"

बाबा कढीला कंटाळले. "अगं, बिघाड यानात आहे. तुझं दही काय करणार त्याला?"

"बिघाड जमिनीवरच सापडतोय ना? मग अजून काय करायचं दह्याने?"

परवा एकदाचं यान उडालं. आंटी मिठाई घेऊन धावत आल्या, आम्ही टाळ्या वाजवतोय, आणि आई स्वयंपाकघरात दुधाला विरजण लावतेय.

"अब किसलिए, भाभीजी?"

"अरे, वापसी के लिए भी तो निकलेंगे."