घासलेली तबकडी

येसू रॉकेलचा डबा घेऊन मळवलीत रेशनच्या रांगेत उभी होती. पुढं सारजाबाई होती, बंगल्यावर भांडी घासणारी. तिथला राखणदार कादर घाईघाईनं येताना दिसला आणि सारजाबाईच्या तोंडचं पाणीच पळालं.

"मालकाचा ल्योक आला का रं?"

"आला, मावशी. आल्या आल्या गान्याची तबकडी काडली."

"मेले! माजं नाव सांगितलंस?"

"न्हाई. म्हनलो, बुरशी आलती, म्याच राखेनं घासली."

"तू? आन् त्यो काय म्हनला?"

"हसला. ती घासलेली बाजू त्यो लावतच न्हाई. ते गानं समद्यांच्या घरी वाजतंय म्हनं. त्येचा जीव मागल्या बाजूच्या गान्यावर. त्या विलायती बँडवाल्यांनी ते आपल्यापुरतंच वाजवल्यागत वाजवलंय. मधीच एकाला हसू फुटतंय, तेबी तसंच ठिवलंय. हसू आलं की ह्यो सुई परत मागं नेतो!"

"मग कामावर येऊ का?"

"सांजच्याला या. भांडी पडल्यात."

रांग सरकली, पण सारजाबाई जागची हलली नाही. पुढचं ऐकायला येसूनंही मागच्या बाईला पुढं जाऊ दिलं.

"कादर, आता सांगतेच बाबा. त्या दिशी तू माज्यावर वरडायच्या आदी म्या आनखी चार तबकड्या घासून फडताळात ठिवल्यात."

"आरं देवा! दोनी बाजूंनी?"

"छ्या! वरल्या बाजूनं तेवडं. मागली बाजू कोन बगतंय?"