सत्काराला वाजवायचं रेकॉर्डिंग

—नाही साहेब, तो कप तुमच्याकडेच ठेवा. ‘तुम्ही आमचे हिरो’ छापलेले घरी ढिगाने आहेत, एकात टूथब्रश ठेवते मी. बसा ना — हां, जपून, त्या खुर्चीचा हात निसटलाय. त्यातच अख्खी पाळी बसून आम्ही लोकांचे मरणाचे फोन घेतो, गाड्या पाठवतो. आम्ही काय मागितलं होतं, आठवतंय? अँब्युलन्सवाल्यांसारखं आम्हालाही तातडीच्या सेवेत धरा. एखादा वाईट प्रसंग झाला की त्यांना सुटी मिळते, मन मोकळं करायला माणूस मिळतो. आम्हाला? आम्ही पडलो कारकून! ‘कारकुनाला कसला धक्का’ — असंच उत्तर आलं होतं ना? खाली सही तुमचीच होती. जाऊ दे.

आणि काय म्हणालात — सत्काराला माझ्या फोनचं रेकॉर्डिंग वाजवणार? आदर्श फोन! ‘बाईंचा आवाज जराही हलला नाही’ — वा! सुरुवात कापलीत म्हणे, खरखर होती म्हणून. खरखर कसली हो, रडत होता तो. ‘ताई, मी बोलतोय, आई पडली गं’ — असं म्हणत होता. भाऊ माझा. धाकटा. आणि मी काय म्हटलं? ‘पत्ता सांगा.’ आमच्यात आधी पत्ता — फोन कधी तुटेल नेम नाही, पत्ता हातात असला की गाडी तरी निघते. ज्या घरात आम्ही दोघं वाढलो, त्याचा पत्ता वदवून घेतला मी त्याच्याकडून, गल्लीसकट. मग म्हटलं, ‘रुग्णाचा श्वास चालू आहे का?’ रुग्ण! आई म्हटलं असतं तर माझीच वाचा बसली असती, मग गाडी कुणी पाठवली असती — तुम्ही? गाडी वेळेत गेली हो. आई नाही राहिली. ‘तू मला ओळखसुद्धा दिली नाहीस,’ एवढंच बोलला भाऊ, तेव्हापासून अबोला. आणि मी घोटभर पाणी प्यायला उठले, तर पर्यवेक्षक म्हणतात, बसा, पुढचा फोन वाजतोय.

तेच तुम्ही टाळ्यांसाठी वाजवणार? जनाची नाही तर मनाची तरी! ऐकून ठेवा, ते सभागृहात वाजलं ना, तर या खोलीतला एकही फोन आम्ही — नाही, उचलू आम्ही. उचलणारच. तुम्हाला ते पक्कं ठाऊक आहे, त्याच जिवावर तर उड्या मारताय. उठा आता. दार ओढून घ्या — कुणीतरी मरतंय तिकडे, आणि तुम्ही मध्ये बोलताय.