सरळ दिसणारं दार

डोळ्यांत औषधाचे थेंब घातल्यामुळे शिवणकामवाल्या बाईंना समोरचा बाक धुक्यात तरंगल्यासारखा दिसत होता. त्यावर म्हातारा सुतार आणि त्याची लेक बोलत होते.

“बाबा, डॉक्टर काय म्हणाले?”

“मायनस अठराचा नंबर. आतला पडदा ताणून ताणून विरलाय, जुन्या चादरीसारखा.”

“म्हणून चौकटी वाकड्या दिसतात?”

“पाण्यात धरल्यासारख्या. नाचता येईना अंगण वाकडं. मी लाकडालाच बोल लावत बसलो.”

“आणि माझ्या खोलीचं चांगलं दार तासून वाकडं केलंत.”

“सरळ दिसेपर्यंत रंधा मारला गं.”

“असू दे. दुसरं बसवू.”

“नको. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले. अख्ख्या घरात तेवढंच सरळ दिसतं मला.”