भाऊ पाठमोरे बसायचे

प्रमिलाताई, घरची मंडळी, आणि हातातलं काम टाकून आलेल्या तुम्ही सगळ्यांनो,

वंदना झाली, हार घालून झाले. आता तुम्ही बोला म्हणून मला उभं केलंय. मी लिहिणारी बाई. कागदावर चुकलेलं खोडता येतं, इथं खोडता येणार नाही. म्हणून थांबत थांबत बोलते. सांभाळून घ्या.

हेच समाजमंदिर. हीच सतरंजी. मागच्या आठवड्यात आपण इथंच शालिकभाऊंसमोर बसलो होतो. समोर कसलं, मागे. कारण भाऊ पाठमोरे बसायचे.

बाहेरगावची माणसं आहेत, त्यांच्यासाठी सांगते. नाटकाला माणसं निवडायची असली की भाऊ खुर्ची उचलायचे, भिंतीकडे तोंड करून ठेवायचे आणि म्हणायचे, "हां, बोला." कोण आलं, कोणाच्या घरचं आलं, त्यांना पाहायचंच नसे. मी एकदा कारण विचारलं. ते म्हणाले, मी एसटीचा कंडक्टर. गाडी भरली की मागच्या सीटवरचा माणूस मला दिसत नसे. पण न दिसता जो अख्खी गाडी हसवायचा, तो खरा. तोंड पाहून तर लोक भीड म्हणूनही हसतात.

आपल्याकडे नाटक रात्रभर चालायचं. आता अंधार पडला की जंगलाकडच्या वस्तीतलं कोणी बाहेर निघत नाही. मोहर्लीच्या सफारी गेटवर ज्याला पाहायला लांबून पाहुणे येतात, त्याच्याच भीतीनं. यंदा भाऊ मला म्हणाले, "बाई, रात्र वाघाले देली. संध्याकाळ तरी आपली ठेवू." म्हणून तीन छोट्या विनोदी नाटिका, दिवेलागणीला सगळे घरी. मी लिहून दिल्या.

त्या दिवशी किती माणसं आली होती, आठवतं? बचत गटाच्या बाया आल्या. सफारीचे गाईड आले. एकानं भेकराचा आवाज काढला. भाऊ भिंतीकडे पाहतच म्हणाले, "भेकर झ्याक हाय. आता माणूस बनून दाखव." 

आणि मग वनिता उभी राहिली.

वनिताचा नवरा मोहफुलं वेचायला गेला आणि वाघानं नेला. त्याला अजून वर्ष झालेलं नाही. ती पुढं आली तेव्हा आपण सगळे गप्प झालो. भाऊंना कळलं नाही, आपण का गप्प झालो ते. ते म्हणाले, "हां, बोला."

रेशन दुकानात धान्य घ्यायला आलेल्या बाईची भूमिका होती. मशीन तिचा अंगठा ओळखत नाही आणि ती मशीनशी भांडते. वनितानं भांडण केलंच नाही. तिनं मशीनला समजावलं, रुसलेल्या लेकराला समजावतात तसं. "सकायी ह्याच अंगठ्यानं भांडे घासले ना रे. तू वळख काऊन नाई देत?" मग थांबली. पुष्कळ थांबली. आणि हळूच म्हणाली, "बरं, हा दुसरा घे बापा. याच्यावर तुझा जीव असन." हे मी लिहिलेलं नव्हतं.

तेव्हा भाऊंची पाठ हलली. खांदे गदगदले. इतक्या वर्षांत निवड करताना ते कधी हसले नव्हते. "आपण हसलो का मंग लोकाईनं काय करावं," म्हणायचे. त्या दिवशी हसले. आपण सगळ्यांनी ते मागून पाहिलं.

मग ते वळले. वनिताला पाहिलं. आणि त्यांचं हसू थांबलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. विहिरीवर बोलणं झालं. घरचा माणूस असा गेला अन् हे लोकाईले हसवाले चालली, असं. वनिताचा दीर रमेश माझ्याकडे आला होता. रमेश, तू इथं बसला आहेस, तुझ्यादेखत सांगते. तू रागावला नव्हतास. तू म्हणालास, "ताई, लोक तिच्यावर हसतीन, तिच्या बोलण्यावर नाई."

तेच बोलणं घेऊन मी भाऊंकडे गेले. ते ओसरीवर बसले होते. म्हणाले, "बाई, कानानं हो म्हटलं. पण आता मले भेव लागून राह्यलं. रमेश खोटं नाई बोलत. रविवारी नावं सांगतो."

शनिवारी छातीत दुखलं. गाडी चंद्रपूरला पोचलीच नाही.

आता दोन दिवस मला सांगताहेत, भाऊंनी वनिताचं नाव घेतलं नव्हतं, तर ती भूमिका दुसरीला द्या. काहीजण म्हणतात, कार्यक्रमच राहू द्या. आज सकाळी वनिता स्वतः आली आणि तिच्या भूमिकेचे कागद माझ्या हातात ठेवून गेली. "भाऊनं नाव नाई घेतलं, ताई," एवढंच बोलली. ते कागद माझ्या पिशवीत आहेत.

मी मेलेल्या माणसाच्या तोंडी माझं वाक्य घालणार नाही. त्यांनी नाव घेतलं नव्हतं, हे खरं आहे. रविवारी ते काय म्हणाले असते, मला माहीत नाही. कदाचित नाही म्हणाले असते. भ्यायलेला माणूस नाही म्हणतो, आणि ते भ्यायले होते. या विचारानं मला झोप नाही. पण मला सांगा, आपण ज्या भाऊंसाठी जमलो, ते कोणते? वळून पाहिल्यावर भ्यायलेले, की त्याआधी हसलेले? दोन्ही तेच होते. मी माझ्यापुरती हसलेल्यांचं ऐकते. मी लिहिलेली ती भूमिका वनिताचीच राहील. तिला नको असेल, तर ती नाटिका होणार नाही.

प्रमिलाताईंना मी आधीच विचारलंय. भाऊंबरोबर उभा संसार केलेल्या त्या म्हणाल्या, "त्याइले आवडन."

आता आपण शांत बसू. वनिता मागे दाराशी बसली आहे. तुमची सगळ्यांची तोंडं फोटोकडे आहेत, तशीच राहू द्या. कोणी वळून पाहू नका. मी एकटीच तिला पाहू शकते, तर मीही फोटोकडे वळते. या शांततेत तिला ते अंगठ्याचं वाक्य म्हणावंसं वाटलं, तर ती म्हणेल. नाही वाटलं, तर तिच्यावर कसलं ओझं नाही. आणि हसू आलं, तर दाबू नका.

भाऊ, आम्ही पाठमोरे बसलो आहोत.

हां, बोला.