आंधळ्या राजाने डोळे उघडले

काय हो मंडळी, हे पुराण आपण ऐकतो कशाला? कौरव गेले, पांडव गेले, आता त्यांचं आपल्याला काय! असं वाटतं ना कुणाला? वाटत असेल, तर तातू मेस्त्रीची गोष्ट ऐका.

तातू कोकणातला दशावतारी नट. धृतराष्ट्र करावा तर त्यानेच! दशावतारात संवाद लिहून देत नाहीत बरं का! गोष्ट ठाऊक असते, शब्द उभ्या उभ्या सुचायला लागतात. तातूचं एक वाक्य मात्र ठरलेलं. विदुराने विचारायचं, "राजा, तुझ्या मुलाने काय केलं, पाहिलंस?" आणि याने डोळे घट्ट मिटून म्हणायचं, "मी आंधळा! मला काय दिसणार?" की टाळ्याच टाळ्या!

त्या दिवशी मात्र तोंडाला रंग लावताना तातूचं लक्ष दुसरीकडेच होतं. आदल्या संध्याकाळी गावातल्या जयवंतीआजीला कुणीतरी गाडीने उडवलेलं. म्हातारी इस्पितळात, शुद्ध नाही. संशयावरून जीपवाल्या बाबलला पोलिसांनी नेलेलं. आणि तातूच्या पडवीत पोराची मोटारसायकल — पुढचा दिवा फुटलेला!

"दिवो कसो फुटलो रे, रुपेश?"

"म्हशीक आपटलंय, बाबा."

"बरा," म्हणाला तातू, आणि गाडीवर गोणपाट टाकलं. आता मला सांगा, म्हशीला धडकलेल्या गाडीवर कोण पांघरूण घालतं? हसू नका हो! बाप होता तो. गाडी झाकून नाटकाला आला.

नाटक सुरू झालं. पहिल्याच रांगेत रुपेश बसलेला. विदुराने विचारलं, "राजा, तुझ्या मुलाने काय केलं, पाहिलंस?"

तातूने डोळे मिटले, पण ठरलेलं वाक्य काही आलं नाही! विदुर घाबरला, याला झालं काय? त्याने पुन्हा विचारलं.

आणि मंडळी — धृतराष्ट्राने डोळे उघडले!

"अरे, डोळे मिट मेल्या!" मागून कुणीतरी ओरडलं. लोक खो खो हसायला लागले.

"मिटूचंय नाय आता!" तातू म्हणाला. "माका दिसला. सगळा दिसला. रुपेश, ऊठ!"

डोक्यावर मुकुट तसाच. खाली उतरला, पोराचा हात धरला. हसणाऱ्यांनी वाट करून दिली.

"खंय, बाबा?"

"पोलिसांकडे. मी पण येतंय. गोणपाट मी घातलंय."

आजी वाचली का, विचारता? तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक नसतानाच जावं लागतं, बाबांनो! जीव धडधडत असतानाच जावं लागतं.

आता सांगा, महाभारत संपलं? घरी गेल्यावर देवाला हात जोडा, जरूर जोडा. पण आधी आपापल्या पडवीत जा, आणि तुम्हीच घातलेलं गोणपाट उचलून बघा.