फळ्यावरचं पहिलं नाव

मंडळी, एक सांगा मला. काटकसर आणि हाव शेजारी शेजारी उभ्या केल्या, तर ओळखू येतील? नाही येत! दोघीही थेंब थेंबच वाचवतात. मग फरक कुठं? ऐका.

सोपान खरमाळे दुधाचा टँकर चालवायचा, घाटावरून खाली. गाडी शिकवली उस्मानचाचांनी. त्यांचं सांगणं एकच — पाय हलका ठेव. उगाच रेटू नको, पुढचं वळण दिसलं की आधीच वेग उतरव, टायरची हवा रोज बघ. सोपान एका चालीनं गाडी न्यायचा. नव्या गाड्यांत म्हणे बटण असतं, क्रूझ कंट्रोल! दाबलं की वेग तेवढाच राहतो. मनाला असं बटण असतं, तर मला कोण बोलावतंय इथं?

तर डेअरीत सगळ्यांत कमी डिझेल सोपानच्या गाडीला लागे. ऑफिसातल्या फळ्यावर पहिलं नाव त्याचं. सात वर्षं!

आठव्या वर्षी त्याचं नाव दुसऱ्या नंबरावर घसरलं. कुणी बोललं नाही हो! पण सोपानला जेवण जाईना. आणि एक दिवस घाट उतरताना त्यानं गिअर काढला — न्यूट्रल! टँकर आपल्याच वजनानं घरंगळू लागला, डिझेल वाचू लागलं. महिनाभरात नाव पुन्हा वर. कसं, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. जी शाबासकी लपवावी लागते, तिला काय म्हणावं?

पुढं चाचांना मोतीबिंदू झाला. खालच्या इस्पितळात न्यायचं म्हणून सोपाननं एका सकाळी त्यांना शेजारी बसवलं. घाटमाथ्यावर सवयीनं न्यूट्रल केलं. चाचांना दिसत कमी होतं, पण इंजिनाचा आवाज बदललेला कानाला कळला.

"सोपान, गिअर टाक."

"चाचा, हा उतार फुकटचा आहे. रोजच घेतो मी."

"इंजिननं धरायचं ओझं तू एकट्या ब्रेकवर टाकलंस," चाचा म्हणाले.

सोपानला लाज वाटली. लाजेचा राग झाला. आणि रागापायी त्यानं गिअर टाकला नाही. मंडळी, गाडी तोवर हातात होती!

चौथ्या वळणावर जळका वास आला. ब्रेक तापून गेले. आता तो गिअर घालू लागला — एवढ्या वेगात पडेना! समोरून माणसांनी भरलेली जीप. त्यानं टँकर डोंगरात घातला. जीप वाचली. टँकरची डावी बाजू खडकावर चेपली. डावीकडे चाचा होते.

पंचनाम्यात 'ब्रेक फेल' लिहिलं गेलं. यंत्राचा काय भरवसा, म्हणून लोकांनी सोपानची समजूत घातली. चाचा गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी तो त्यांच्या घरी गेला. मुलगी जुबेदा पाणी घेऊन आली. म्हणाली, अब्बा फक्त तुमच्याच गाडीत निर्धास्त बसायचे. सोपाननं पेला खाली ठेवला.

"ताई, ब्रेक आपसूक फेल झाले नाहीत. मी गिअर काढला होता. चाचांनी टाक म्हटलं होतं."

तिनं विचारलं, "मग का नाही टाकलात?"

उत्तर होतं त्याच्याकडे. फळ्यावरचं नाव! पण ते तोंडातून निघेना.

दुसऱ्या दिवशी त्यानं पोलिसांत खरा जबाब दिला. शिक्षा भोगली. जुबेदानं पुन्हा त्याला दारात उभं केलं नाही.

काटकसरीला कुणी टोकलं, तर ती थांबून ऐकते. हाव चिडते! एवढाच फरक, मंडळी. आता आठवा — एवढ्यात तुमच्या माणसानं 'जरा थांब' म्हटलं, आणि तुम्ही चिडलात, ते कशावरून? मला नका सांगू. हात जोडतो, त्या माणसाकडे जा. तो आहे, तोवर जा.